आपले पैसे आपल्याला दिसावेत

आमच्या सोनपेठ तालुक्यातल्या बँकांत सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न कर्जाचा नसतो आणि व्याजाचाही नसतो. "पैसे आले का?" हा तो प्रश्न. पीएम किसानचे आले का, पीकविम्याचे आले का, अतिवृष्टीचे आले का, लाडकी बहीणचे आले का. तेवढं विचारायला माणूस हातातलं काम टाकून गावाहून निघतो, ऑटोचं भाडं भरतो, रांगेत उभा राहतो आणि "नाही आले अजून, सोमवारी बघा" ऐकून माघारी येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत या एका फेरीपायी बाईचा रोज बुडतो. ज्याचे पैसे आलेत आणि ज्याचे आले नाहीत, दोघांनाही फेरी तेवढीच पडते.

मी या तालुक्यातल्या गावांत बीसी सखी, म्हणजे बँकेची गावातली प्रतिनिधी, म्हणून काम करते. बचत गटात होते, 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून निवड झाली, बँकिंगची परीक्षा मराठीतून दिली आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र, हातात मावणारा प्रिंटर आणि बँकेचं लॉगिन घेऊन गावात फिरायला लागले. लोक मला बँकवाली ताई म्हणतात. सासर इथलंच, त्यामुळे म्हाताऱ्या बाया सूनबाई म्हणतात. लोकांना डिजिटल व्यवहारांकडे वळवायचं, असं माझं काम कागदावर लिहिलेलं आहे.

वळवणं म्हणजे काय, हे वरून ठरून येतं. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रत्येक राज्यातला एक जिल्हा वर्षभरात पूर्ण डिजिटल करायचं ठरवलं, पुढे ते काम बाकीच्या जिल्ह्यांत पसरलं. त्यात खातेदाराकडे रूपे कार्ड, मोबाइल बँकिंग, यूपीआय, आधारवर पैसे काढायची सोय यांपैकी एक तरी असली की तो डिजिटल म्हणून मोजला जातो. या मोजणीनं आमची बरीच गावं डिजिटल झालेली आहेत. पण कितीतरी घरांत रूपे कार्ड अजून बँकेच्या पाकिटातच आहे, पाकीट पत्र्याच्या पेटीत आणि पिनचा कागद कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. अशा घरात बसून मी "मावशी, आता सगळं फोनवर होतं" असं सांगू लागले तर मावशी मान हलवते, चहा टाकते आणि सोमवारी पुन्हा ऑटोत बसते.

काम करता करता माझं एक मत पक्कं झालं. आमच्या गावांत पैसे पाठवायला शिकवण्याआधी पैसे बघायला शिकवलं पाहिजे. आपल्या खात्यात किती आहेत, कधी आले, कुणी काढले, हे दुसऱ्याला न विचारता कळणं ही पहिली पायरी. ती पक्की झाली नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं, कारण जे दिसत नाही ते पाठवायला कुणाचा हात धजत नाही.

बघायला फार मोठी साधनं लागत नाहीत. खात्याला जोडलेल्या नंबरवरून बँकेला मिस्ड कॉल दिला की शिल्लक मेसेजनं येते, बटणाच्या फोनवरही येते. माझ्या यंत्रावर थम, म्हणजे बोटाचा ठसा, दिला की शेवटच्या काही व्यवहारांची पावती निघते. ती पावती मी वाचून दाखवत नाही, त्यांच्या हातात देते. "तुम्हीच सांगा, किती आहेत?" सुरुवातीला त्या पदर तोंडाला लावून म्हणतात, "मला कुठं वाचता येतंय." पण अक्षर न ओळखणारी बाई आकडा ओळखते. वेचणीच्या काट्यावर किलोचा आकडा तिला रोज बघावा लागतो, तिथं नजर चुकली तर मजुरी जाते. कापूस किती किलो झाला ते जी पाहते, ती पावतीवरचे दोन हजार दोन-चार वेळा बघून वाचतेच. पहिल्यांदा वाचल्यावर ती जे करते ते जवळजवळ सगळ्या जणी करतात. पावतीची नीट घडी घालतात आणि ब्लाउजमध्ये ठेवतात.

या कामाला माझ्या हिशेबात मोल नाही. मला कमिशन मिळतं ते पैसे काढल्याचं, भरल्याचं, खातं उघडल्याचं, विम्याचा अर्ज भरल्याचं. शिल्लक दाखवून अर्धा तास बसलं तर त्यातून हाती जवळजवळ काही पडत नाही. व्यवस्थेनं पैसा हलवण्याला दाम लावला आणि पैसा समजून घेण्याला लावला नाही. गावागावांतल्या बीसी सखी आणि बँक मित्र शिकवायला का बसत नाहीत, असं बैठकीत विचारलं जातं तेव्हा त्याचं उत्तर या दरपत्रकात आहे.

मिस्ड कॉलची गोष्ट सोपी वाटते, पण तिच्यात एक मोठी अडचण लपलेली आहे. खात्याला जोडलेला नंबर कुणाचा? प्रधानमंत्री जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. शिबिरं लागली, एका दिवसात गावात शेकड्यानं खाती उघडली गेली. बायांकडे फोन नव्हते. मग कुणी पुतण्याचा नंबर दिला, कुणी शेजारच्या पोराचा, कुठे अर्ज भरणाऱ्यानं स्वतःचाच लिहिला. त्यानंतर फोन बदलले. रिचार्ज महागले, तशी गावातली दुसरी-तिसरी सिमं बंद पडली. तीन महिने न वापरलेलं सिम कंपनी बंद करते आणि काही काळानं तो नंबर दुसऱ्या माणसाला देते. म्हणजे सोनपेठच्या एखाद्या आजीच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज आज भलत्याच गावच्या भलत्याच माणसाच्या फोनवर वाजत असेल. त्या माणसाला ओटीपीही जाईल. हे मी सांगते तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलतो, आणि बदललाच पाहिजे.

म्हणून मी घरात शिरल्यावर आधी नंबर तपासते. ॲपचं नाव नंतर निघतं. नंबर बदलायचा अर्ज भरून द्यायचा, ज्याचं खातं त्याला शाखेत घेऊन जायचं, पासबुकावर नवीन नंबर पेनानं लिहून ठेवायचा. बँकेच्या अहवालात या कामासाठी रकाना नाही.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि आमच्या तालुक्यातल्या बायांनी बँकेचं तोंड जेवढं त्या पावसाळ्यात पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. महिन्याला दीड हजार, तेही तिच्या नावावर, तिच्या खात्यात. 'सीडिंग', म्हणजे आधार खात्याला जोडणं, हा शब्द त्या दिवसांत बांधाबांधावर पोचला. खुरपणी करणाऱ्या बाया एकमेकींना विचारायच्या, "तुहं सीडिंग झालं का?" ऑगस्टमध्ये पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार जमा व्हायला लागले आणि घोळ समोर आला. कुणाला आले, कुणाला नाही. एकाच घरातल्या दोन जावांपैकी धाकटीला आले, थोरलीला नाही. थोरली रडकुंडीला येऊन म्हणाली, "मव्हे कुणी खाल्ले?"

कुणी खाल्लेले नव्हते. आधार क्रमांक एकापेक्षा जास्त खात्यांना जोडता येतो, पण थेट खात्यात येणारा सरकारी पैसा, म्हणजे डीबीटी, जातो तो एकाच खात्यात, ज्याची नोंद डिजिटल व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यादीत असते. या यादीला मॅपर म्हणतात. जे खातं शेवटी जोडलं गेलं ते यादीत राहतं. थोरलीनं कधीतरी दुसऱ्या बँकेच्या शिबिरात खातं उघडलेलं होतं. ती ते विसरली होती, पासबुकही नव्हतं. तिचे तीन हजार त्या विसरलेल्या खात्यात सुखरूप पडून होते. साध्या फोनवरून स्टार ९९ स्टार ९९ स्टार १ हॅश असं लावलं आणि आधार क्रमांक दिला की तो कोणत्या बँकेला जोडलेला आहे ते कळतं. तिच्या फोनवर हे आम्ही मिळून केलं, बँकेचं नाव आलं आणि तिला आठवलं, "अगं, ते तर मळणीच्या वेळी आले होते गावात."

त्या पावसाळ्यात मी जेवढं शिकवलं तेवढं एरवी कधी शिकवता आलं नाही. माणसाच्या स्वतःच्या पैशाचा ठावठिकाणा समोर असतो तेव्हा मॅपर, सीडिंग, डीबीटी असले अवघड शब्द त्याला चटकन कळतात. बँकेच्या मेळाव्यात मांडवाखाली बसवून शंभर जणांना तेच सांगितलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

आता फोनबद्दल. आमच्या घरांत स्मार्टफोन आहे, पण तो कुणाच्या हातात असतो हे पाहिल्याशिवाय त्यात बँक टाकू नये. बहुतेक घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो. खातं आईचं, फोन पोराचा. यूपीआय सुरू करायला खात्याला जोडलेल्या नंबरचं सिम त्या फोनमध्ये लागतं, पिन ठेवावा लागतो आणि तो पिन लक्षात राहणार नाही म्हणून आई तो पोरालाच ठेवायला सांगते. त्या क्षणी आईचं खातं पोराचं होतं. यात पोरगा वाईट असतो असं नाही. बोअरला पाणी लागत नाही, कृषी सेवा केंद्राची उधारी असते, सावकाराचं शेकडा तीन चालू असतं. अडचणीत घरातला पैसा तो वापरतो. पण आईला विचारायचं राहून जातं, आणि तिला कळतं ते औषधाला पैसे काढायला माझ्याकडे आल्यावर.

एका मावशीनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "सूनबाई, त्या फोनमदी मव्हं खातं नको टाकू. थमवरच राहू दे."

"कामून मावशी?"

"फोन पोराचा हाय. बोट मव्हं हाय."

मी टाकलं नाही. माझ्या यादीत त्या महिन्यात एक नाव कमी भरलं आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. तिनं नकार दिला तो भीतीपोटी किंवा अडाणीपणातून नव्हता. पैसा कोणत्या वाटेनं हातातून निसटतो ते तिला माझ्याइतकंच कळत होतं. थम द्यायचा तर तिला स्वतः यावं लागतं. तिच्यामागे घरातलं कुणी काढू शकत नाही, आणि घरात तिला तेवढीच सत्ता आहे. शंभर टक्के घरांत ॲप, हे उद्दिष्ट ठरवणाऱ्यांनी अशा मावश्यांशी बोलावं असं मला मनापासून वाटतं. ज्या घरात बाईचा स्वतःचा फोन आहे तिथं मी आग्रहानं यूपीआय शिकवते. ज्या घरात नाही तिथं थम हीच तिची डिजिटल बँक, आणि ती कमी प्रतीची नाही.

पण थमची स्वतःची दुखणी आहेत. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आमच्याकडच्या लोकांनी त्यानंतरच्या काही वर्षांत ठसे दिले. तेव्हापासून त्या हातांनी किती कापूस वेचला, किती ऊस तोडला, किती तूर झोडपली याचा हिशेब नाही. कापसाच्या बोंडाच्या टोकांनी बोटांना चिरा पडतात, कोयत्याच्या मुठीनं तळवा घट्ट होतो, साठीनंतर कातडी सैल पडते. आधारमध्ये साठवलेला ठसा आणि आजचं बोट जुळत नाही. "थम लागंना" हे वाक्य रेशन दुकानात, खताच्या दुकानात आणि माझ्या दारात सारखं ऐकू येतं. बोट धुऊन पुसायचं, थोडं तेल लावून पुन्हा पुसायचं, अंगठा सोडून दुसरं बोट बघायचं. बऱ्याच जणींचं अनामिकेचं किंवा करंगळीचं बोट चटकन लागतं, कारण कामात त्या बोटांवर कमी भार येतो. कुणाचं कोणतं बोट लागतं ते मी माझ्या वहीत लिहून ठेवते. तरीही जमलं नाही तर आधार केंद्रात ठसे नव्यानं द्यावे लागतात, म्हणजे पुन्हा एक फेरी.

पुरुषांशी बोलताना विषय लवकर दुसऱ्याच ठिकाणी जातो. कापूस आणि सोयाबीन विकणारा शेतकरी मला थेट सांगतो, "ताई, खात्यावर घेतले की कापून घेतात." पीककर्ज थकलेलं असतं आणि खात्यावर होल्ड लागलेला असतो. पैसे आलेले दिसतात, पण निघत नाहीत. भारतीय कापूस महामंडळाला कापूस घातला तर पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ८,११० झाला. तरीही माणूस त्याहून कमी भावानं गावातल्या व्यापाऱ्याला कापूस घालतो, कारण तो काट्यावरच नोटा मोजतो. शहरातून आलेल्या माणसाला हा अडाणीपणा वाटतो. मला तो हिशेब वाटतो. क्विंटलमागे काही रुपये कमी घेऊन त्यानं लेकीच्या लग्नाचे, बियाण्याचे, दवाखान्याचे पैसे होल्डपासून वाचवलेले असतात. कर्ज फेडायचं त्याच्या मनात नसतं असंही नाही. कधी आणि किती, हे ठरवणं त्याला आपल्या हातात ठेवायचं असतं. ज्या खात्यात स्वतःचा शब्द चालत नाही तिथं पैसा ठेवायला कितीही गोड बोलून मी त्याला राजी करू शकत नाही, आणि तसं करणं मला योग्यही वाटत नाही.

मी त्याला खरं ते सांगते. होल्ड कोणत्या खात्यावर आहे, किती रकमेचा आहे, ते शाखेकडून लेखी घ्या. अतिवृष्टीच्या मदतीतून बँकांनी वसुली करू नये, असं शासन आपल्या निर्णयांत दरवेळी लिहितं. २०२५ च्या सप्टेंबरात गोदाकाठची पिकं पाण्याखाली गेली तेव्हाही हा मुद्दा होता. मदत अडकली तर शासन निर्णयाची प्रत जोडून अर्ज द्या, पोच घ्या. असे अर्ज मी माझ्या हातानं लिहून दिलेत. ज्याची मदत सुटली तो माणूस पुढे आपणहून विचारतो, "ताई, ते फोनवर शिल्लक कशी बघायची?" विश्वासाची वाट त्याच्याच हक्काच्या पैशावरून जाते.

नोटाबंदीनंतरच्या महिन्यांत कॅशलेस गावांची मोठी चर्चा होती. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडजवळचं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं बसली. पुढे ती यंत्रं बाजूला पडल्याच्या बातम्याही आल्या. धसईच्या लोकांनी काही चूक केली असं मला वाटत नाही. टंचाईच्या दिवसांत आलेली सोय टंचाईबरोबर मागे पडली. आमच्याकडे त्या हिवाळ्यात वेगळंच घडलं. पाचशे-हजारच्या जुन्या नोटा घ्यायला जिल्हा सहकारी बँकांना लवकरच मनाई झाली, आणि सोसायटीचं कर्ज व जिल्हा बँकेचं खातं एवढंच बँकिंग माहीत असलेला शेतकरी ऐन कापसाच्या हंगामात बाहेर उभा राहिला. बँक आपल्याला कधीही दार लावू शकते, ही आठवण तेव्हापासून घराघरांत बसली आहे. आज सोनपेठच्या चहाच्या टपरीवर स्कॅनर लावलेला आहे, भाजीवालीच्या पाटीत आहे, साउंड बॉक्स मराठीत पैसे मिळाल्याचं ओरडून सांगतो. तरुण पोरं खिशात नोट ठेवत नाहीत. तरी त्याच घरातला बाप तुरीचे पैसे रोखच घेतो. एकाच घरात दोन्ही चालू राहतं आणि त्यात विरोध नाही. वीस रुपयांचा चहा आणि वर्षाची तूर यांच्यातली जोखीम सारखी नाही.

यूपीआय खऱ्या अर्थानं आमच्या घरांत आणलं ते ऊसतोडीनं. कुणी मेळावा घेतला नाही, कुणी बक्षीस लावलं नाही. दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातल्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. मुकादमाची उचल रोखीत घेतलेली असते आणि जाण्याआधीच खर्चलेली असते. म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं गावात राहतात. पूर्वी त्यांच्यासाठी पैसे पाठवायचे तर कुणी गावाकडे येणारा माणूस शोधावा लागे. आता तोडलेल्या उसाची वाढी चाऱ्यासाठी घेणारे दूधवाले बाईच्या फोनवर पैसे टाकतात. ती रात्री कोपीत बसून त्यातले थोडे सासूच्या खात्यात टाकते, आणि सकाळी सासू माझ्या दारात थम द्यायला येते. एका टोकाला फोन, दुसऱ्या टोकाला बोट, आणि मध्ये शेकडो किलोमीटर.

त्या सुनांना मी फारसं शिकवलंच नाही. त्या एकमेकींकडून फडात शिकल्या. मला जे करता आलं ते दुसऱ्या टोकाचं काम. सासूचं खातं चालू ठेवणं (दोन वर्षं व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं), तिचं लागणारं बोट शोधून ठेवणं, पैसे आले की तिला पावती देणं. फोनवर सून विचारते, "आत्या, किती दाखवतंय?" आणि आत्या पावतीवरचा आकडा वाचून सांगते. गरज आणि भरवसा एका जागी आले की शिकवणीला फार वेळ लागत नाही, हे मी या टोळ्यांकडून शिकले.

फसवणुकीबद्दल बोलल्याशिवाय मी कुणाच्या फोनमध्ये बँक टाकत नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल येते. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येते, कारण त्याचाही फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. ती उघडली की मेसेज, ओटीपी सगळं तिकडे दिसायला लागतं. त्यावर मी तीनच गोष्टी सांगते आणि सारख्या सांगते. सरकार योजनेची फाइल ग्रुपवर पाठवत नाही. पिन पैसे पाठवताना आणि शिल्लक बघताना लागतो, पैसे येताना कधीही लागत नाही. पैसे गेले तर लाज न धरता लगेच १९३० ला फोन लावायचा आणि बँकेला लेखी कळवायचं. यातली लाज सगळ्यांत घातक. फसलेला माणूस घरातसुद्धा बोलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेची किंवा खातेदाराची चूक नसताना तिसऱ्यानंच पैसे काढले आणि खातेदारानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर नुकसान येत नाही. लाजेत आठ दिवस घालवले की हे संरक्षण कमी होत जातं. ठसा वापरून दुसऱ्या कुणी पैसे काढू नयेत म्हणून आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात, आणि जे थमनं पैसे काढत नाहीत त्यांना मी ते करायला लावते. कारण आधारच्या झेरॉक्स प्रती आपण किती ठिकाणी देऊन आलो, ते कुणालाच आठवत नाही.

तरी माझ्या अनुभवात लोकांना डिजिटल बँकिंगपासून सगळ्यांत जास्त दूर नेलं ते चोरांनी नाही. अडकलेल्या पैशांनी नेलं. थम दिला, यंत्र फिरत राहिलं, रेंज गेली, खात्यातून दोन हजार वजा झाले आणि हातात काही आलं नाही. वीज गेली की आमच्याकडे थोड्या वेळानं टॉवरही बसतो, त्यामुळे हे होत राहतं. नियम स्वच्छ आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे आधारवरचा फसलेला व्यवहार पाच दिवसांत उलटा झाला पाहिजे, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही मागितल्याशिवाय. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पैसे परत येतातच. पण त्या पाच दिवसांत त्या बाईला काय सांगायचं हे कुणी ठरवलेलं नाही. ती शाखेत जाते तर "ज्यांच्याकडे काढले त्यांना विचारा." माझ्याकडे येते तर माझ्या हातात फक्त तक्रारीचा क्रमांक. तिच्या दोन हजारांची गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत जाते आणि ती गल्ली महिनाभर थम द्यायला येत नाही.

म्हणून अशा प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि पावतीवरचा क्रमांक मी वहीत उतरवते आणि बाईला तशीच चिठ्ठी देते. सहाव्या दिवशी मी तिच्या घरी जाते, ती माझ्याकडे यायची वाट बघत नाही. पैसे आले असतील तर पावती काढून तिच्या हातात देते. आले नसतील तर १४४४८ या रिझर्व्ह बँकेच्या नंबरची माहिती देते आणि बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यायला तिच्यासोबत जाते. महिन्याभरात तिची तक्रार मिटली नाही तर लोकपालाकडे दाद मागता येते, तेही सांगते. या चिठ्ठीनं जेवढे लोक परत आले, तेवढे कोणत्याही पोस्टरनं आले नाहीत.

तालुक्यातल्या बँकांच्या तिमाही बैठकीत मी एक मागणी लेखी दिली आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी प्रत्येक शाखेत एक खिडकी फक्त अडकलेल्या पैशांसाठी आणि चुकलेल्या नंबरांसाठी असावी. तिथं कर्ज नको, विमा नको, नवीन खातं नको. माणूस आला, त्याचा व्यवहार बघितला, कुठे आहे ते सांगितलं, कागद दिला. बाजाराच्या दिवशी लोक तसेही सोनपेठला येतात, वेगळी फेरी पडत नाही. बीसीला शिल्लक दाखवण्याचं आणि नंबर दुरुस्त करण्याचंही रास्त कमिशन असावं, अशी दुसरी ओळ त्याच कागदावर आहे. कर्मचारी कमी आहेत, असं उत्तर मिळालं. ते खरंच आहे, शाखांत माणसं कमी आहेत. तरी मी पुढच्या बैठकीला जाणार आहे, आणि या वेळी सोबत गटातल्या बायांनाही नेणार आहे. टोळ्या निघायच्या आधी बैठक झाली तर ऊसतोडीला जाणाऱ्याही येतील. त्यांच्या सासवांचे नंबर, मॅपर आणि बोटं तपासायचं काम आम्ही सध्या संध्याकाळी त्यांच्या वस्त्यांवर बसून उरकत आहोत.